टाचांवर चालून दाखव

हुडकेश्वर, नागपूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. शोभाताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग फक्त कागदावरच समज. सध्या मला साधं वाकताही येत नाही, आणि हे पत्र त्याचंच आहे.

ग्रंथालयात काम आहे म्हणून दिवाळीला येत नाही, असं मी तुझ्या दुर्गेशच्या मोबाइलवर कळवलं होतं. ते खोटं होतं. ग्रंथालय पाच दिवस बंद होतं आणि मी ते पाचही दिवस घरातच काढले. एसटीत दीड तास बसणं मला शक्य नव्हतं. हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण दुर्गेशच्या मोबाइलवर लिहिलेलं तुमच्या घरात सगळे वाचतात, आणि तुला फोनवर ऐकू येत नाही. एवढं कारण पुरेसं आहे का, हे मी स्वतःला विचारलं. पुरेसं नाही. मला कोणी काळजी करत धावत यायला नको होतं, हे खरं कारण.

उजव्या कुल्ल्यातून कळ निघते. मांडीच्या बाजूने, नडगीच्या बाहेरून, पावलावरून थेट अंगठ्यापर्यंत जाते. शिंकले की वीज चमकावी तशी. जेवण उभ्याने, पेपर वाचणं उभ्याने. ग्रंथालयातही मी काउंटरमागे उभीच असते, मुलांना वाटतं बाई फारच तत्पर झाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी सायटिका असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, झोपून राहू नका म्हणाले. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत आपोआप बरं होतं, असंही म्हणाले. मी वहीत रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याला दहापैकी गुण देते. आज सकाळी आठ, आता सात.

आईच्या लाकडी पलंगावर झोपते. तिला जाऊन चौदा महिने झाले, तरी त्यावर झोपायला परवानगी घ्यावीशी वाटते.

तू मात्र येऊ नकोस. संत्र्याची तोड सुरू असेल. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो माझ्या खोटेपणामुळे उणा करू नकोस.

तुझी
गोपिका

---

टाकळझरी, ता. कळमेश्वर
११ नोव्हेंबर

चि. गोपीले,

अनेक आशीर्वाद, अन् त्यासंगं एक धपाटा. पाठीत नाई, पाठ दुखते म्हणून दंडावर.

पाच दिवस घरी एकटी पडून राहिली अन् मले सांगतलं काम हाये! मी इकडे चकल्यांचा डबा भरून ठेवला, पायलं तर तुह्या भाऊजीनं अर्धा खाऊन टाकला. इचारलं तर म्हणतात, गोपी येत नाई म्हटल्यावर चकल्या मऊ पडल्या असत्या. कान माहे गेले, अक्कल त्याइची गेली.

तुह्यी बहीण पायाळू हाये, हे विसरली का वं? पायाकडून जन्मली म्हणून अख्खं गाव कंबरेत चमक भरली का माह्या उंबऱ्यावर येते. पालथं झोपते, मी डावा पाय लावते तीन खेपा, अन् चालले घरी. रुपया घेत नाई. परवा तलाठी आला होता. साहेब लोक बी झोपतात उंबऱ्यावर, तिथं खुर्ची नसते.

पण तू येऊ नको. मी खरंच म्हणते, तुह्या बाबतीत मी पाय लावत नाई. काहून ते इचारू नको. नागपुरात एवढे डॉक्टर हायेत, चांगल्याले दाखव.

रात्री भाजी काय करते ते लिव. वरण-भात म्हणू नको, तो तर तू आजारी नसतानी बी खाते.

आशीर्वाद हायेच, तेवढे तोडीच्या दिवसातबी पुरतात.

तुह्यी ताई

---

हुडकेश्वर
२२ नोव्हेंबर

ती. शोभाताईस,

सा. न. आज निम्मा वाकून.

कालच्या रात्री दोडक्याची भाजी केली होती. आधीच्या तीन रात्री वरण-भात. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

आमच्या ग्रंथालयातल्या सोनिकाने तिच्या ओळखीच्या कायरोप्रॅक्टरकडे पाठवलं. धंतोलीत एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. आपल्याकडे हा प्रकार अजून नवा आहे. मणक्यांना हाताने नेमका दाब किंवा झटका देऊन सांधे मोकळे करतात. मोबाइलवर मी त्याची दृश्यं पाहिली होती. माणसाची मान वळवतात, कडाड् आवाज येतो आणि तो माणूस रडत रडत आभार मानतो. त्या भीतीने मी दोनदा अर्ध्या रस्त्यातून ऑटो परत फिरवली. तिसऱ्यांदा ऑटोवाल्यानेच विचारलं की मॅडम, आज तरी पक्का जाने का है ना.

डॉक्टर पायल म्हणजे तिशीतली मुलगी. शिक्षण फिजिओथेरपीचं, हे नंतर बाहेर जाऊन शिकली. पहिल्या दिवशी तिने पाठीला हातच लावला नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय सरळ उचलून पाहिला आणि अर्धा तास नुसतं समजावलं. दुखतं पायात, पण बिघाड कमरेत. वायर मीटरपाशी दाबली गेली तर पंखा आतल्या खोलीतला बंद पडतो, तसं. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेला टेकली आहे. आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या हवेचा असतो. हाताच्या उपचाराने काहींना बराच आराम पडतो, काहींना अजिबात पडत नाही. खरं काम चालणं आणि व्यायाम करतात, असं तिने स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगितलं. मला ती आवडली.

एक छापील कागदही दिला. पाऊल लुळं पडलं, बसायच्या जागी बधिर झालं, लघवीवरचा ताबा गेला, तर उपचार थांबवून त्याच दिवशी यायचं. मी तो वहीत चिकटवला. चिकटवला म्हणजे समजला असं मात्र नाही, ही माझी जुनीच खोड.

फॉर्मवर एक रकाना होता, सोबत कोण आलं आहे. मी तिथे आडवी रेघ मारली. तिने ती पाहिली, आणि पुढच्या वेळी कोणाला तरी घेऊन या म्हणाली. मी हो म्हणाले.

तू पाय का लावणार नाहीस, हे विचारू नको म्हणालीस म्हणून विचारत नाही. फक्त नोंदवते की विचारावंसं वाटलं.

भाऊजींना सांग, चकल्या माफ. तुझ्या मायेतला माझा वाटा तसाच राहू दे.

गोपिका

---

टाकळझरी
१ डिसेंबर

चि. गोपीस,

आशीर्वाद.

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. मीटरचं मले समजलं. आपल्या विहिरीवरची मोटर बी तशीच करते. पोरगी हुशार दिसते. तिले म्हणा, गावात एक बाई हाये, हातानं नाई तर पायानं करते, अन् तिच्या पायाचा तं आवाजबी येत नाई.

संग कोणाले नेऊ म्हणते? सोनिकाले ने. नाई तर तुह्या बाजूच्या घरात कोण राहते? नऊ वर्षं झाले त्या घरात तुले, अजून एक नाव तू पत्रात लिवलं नाई. आई होती तवा ठीक होतं, दिवसभर तिचंच करू करू तू दमे. मी येते म्हटलं तं नको म्हणे, माह्यं मी पाहीन म्हणे. तवा मी बी ऐकलं तुह्यं, ऐकायले नोयतं पायजे. माहे कान तवा शाबूत होते, तेच वाईट झालं.

तोड अर्धी झाली. यंदा माल बारीक हाये पण गोड हाये. भाऊजी मंडीत येईन तवा तुह्या घरी टोपली टाकीन.

आराम किती पडला ते लिव. गुण नको लिवू, मी का मास्तरीण हाव? कसं वाटते ते लिव.

जीव लावून हाये,
ताई

---

हुडकेश्वर
१२ डिसेंबर

ती. शोभाताईस,

सा. न. आणि आज बातमी चांगली आहे.

गुण नको म्हणालीस तरी लिहिते, कारण ते लिहिताना मला आनंद होतोय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठ, डॉक्टर पायलकडे तीन वेळा जाऊन झाल्यावर पाच, आणि या आठवड्यात दोन. काल रात्री तर एक. सात आठवड्यांनी पहिल्यांदा मी खुर्चीत बसून जेवले. कोणी समोर नव्हतं, तरी पापड तळला.

मी वही पुन्हा पुन्हा उघडून तो उतरता आकडा बघते. एवढं सोसलं आणि एकटीने निभावलं, याचा मला थोडा अभिमान वाटतोय. अभिमान वाटावा का, हाही प्रश्न आहे.

चौथ्या भेटीची वेळ ठरली होती, ती मी फोन करून रद्द केली. दुखत नसताना त्या मुलीचा वेळ कशाला घ्यायचा.

बाकी बारीकसारीक. सीताबर्डीहून नवी चप्पल आणली ती फसवी निघाली. उजव्या पायातली जिन्यात सारखी निसटते. परवा मागे राहिली आणि मी दोन पायऱ्या अनवाणी उतरून गेल्यावर कळलं. ग्रंथालयातल्या चटईची कडही उचकटलेली दिसते, तिच्यात दोनदा अडखळले. शिपायाला चटई बदलायला सांगितली. त्याने वाकून पाहिलं आणि चटई तर ठीक आहे म्हणाला. मी चिडले. इतकं चिडायला नको होतं, उद्या त्याची माफी मागेन.

संध्याकाळी घर फार शांत असतं. दुखत होतं तेव्हा निदान ते दुखणं तरी होतं, असं वाटून गेलं आणि लाज वाटली.

संत्री पाठवायचा त्रास घेऊ नकोस. बरी आहे. मनात जागा आहे ती ठेव.

गोपिका

---

टाकळझरी
१७ डिसेंबर

गोपी,

आशीर्वाद मागाहून. हे पत्र पोस्टात टाकत नाई, तुह्या भाऊजीजवळ देते. ते पहाटेच माल घेऊन कळमन्याच्या मंडीत येऊन राहिले, तिथून सिधे तुह्याकडे येईन. ते दारात उभे असतीन तवाच वाच.

चपलेचा दोष नाई. चटईचा बी नाई.

वीस वर्षं झाले, कोणाले सांगतलं नाई ते तुले लिवते. आमच्या गावची जयवंता तुले आठवत नसन. संत्र्याच्या पेट्या उचलायले येत जाय. एक दिवस तिची कंबर धरली, कळ पायात उतरली, उभी राहवेना. नवऱ्यानं उचलून माह्या उंबऱ्यावर आणली. मी पाय लावला, तीन खेपा. दुसऱ्या दिवशी दुखणं गायब! अख्ख्या गावात नाव झालं माह्यं. ती हसत आली, अन् येतायेता तिच्या पायातली चप्पल निसटली. मी म्हटलं, लग्नातली चप्पल अजून वापरते का वं? आम्ही दोघी हसलो. आठ दिवसांत तिचं पाऊल पुढून उचललंच जाईना. नागपूरले नेली तं डॉक्टर म्हणे, आधी काहून नाई आणली, दुखणं थांबलं म्हणजे नस बरी झाली असं नाई, नस मरून राहिली होती. आज बी ती पाय घासत चालते.

कोणी मले बोल लावला नाई. तिनं बी नाई. पण तवापासून मी कोणाले पाय लावायच्या आधी टाचांवर चालवते. दहा पावलं, पंजे वर उचलून. ज्याचा एक पंजा खाली पडला, त्याले मी हात जोडते अन् दवाखान्यात धाडते. लोकाइले वाटते हा माह्या पायाळूपणाचा विधी हाये. एकानं तर टाचांवर चालतानी देवाचं नाव घेतलं.

तुह्यावर पाय न लावायचं कारण हेच. तू टाचांवर चालली असती अन् पंजा पडला असता, तं मले ते पाहवलं नसतं. मी भेकड हाव.

आता चप्पल काढ. भाऊजीसमोर टाचांवर चालून दाखव. उजवा पंजा वर राहत नसन तं चहा ठेवू नको, कुलूप लाव अन् त्या पोरीकडे जा. आजच. भाऊजी तुले सोडून येणार नाई, तसं मी त्याइले बजावलं.

ताई

---

हुडकेश्वर
२९ डिसेंबर

ती. शोभाताईस,

सा. न., पलंगावरूनच.

भाऊजींनी सगळं सांगितलंच असेल, पण ते थोडक्यात सांगतात. मी माझ्या बाजूने लिहिते.

ते संत्र्यांची टोपली डोक्यावर घेऊन दारात उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत, पत्र हातात दिलं आणि वाचून होईपर्यंत टोपली खाली ठेवली नाही. मग एवढंच म्हणाले की बाई, चाल. मी चालले. डावा पंजा वर राहिला. उजवा प्रत्येक पावलाला फटकन खाली पडत होता. फरशीवर त्याचा आवाज येत होता, ताई. मी इतके दिवस तो आवाज चपलेचा समजत होते. भाऊजींनी टोपली तिथेच ठेवली आणि कुलूप कुठे आहे ते विचारलं.

डॉक्टर पायलने या वेळीही पाठीला हात लावला नाही. अंगठा वर उचलायला सांगितला, तो उचलला गेला नाही. आता मणक्याला झटका देणं चूक ठरेल, असं ती सरळ म्हणाली. चिठ्ठी लिहिली, स्वतः फोन लावून दिला आणि आमच्यासोबत खाली रिक्षापर्यंत आली. संध्याकाळी एमआरआय, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. नसेवर टेकलेला गादीचा तुकडा काढला. सर्जन म्हणाले, पाऊल कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही. नसेला वेळ लागतो, काही महिने वाट पाहावी लागेल. उशीर झाला का, असं मी विचारलं. थोडा झाला, म्हणाले. खोटं बोलले नाहीत म्हणून बरं वाटलं, आणि मग रडू आलं.

वही चाळली. दुखण्याचा रकाना होता, ताकदीचा नव्हता. चप्पल निसटल्याची नोंद मी खरेदीच्या पानावर केली आहे. तो छापील कागद त्याच वहीत, आठ पानं मागे. इतकं काटेकोर लिहिणारी मी, आणि मला माझ्याच पायाचं दिसलं नाही.

अजून एक. चौथी वेळ मी डॉक्टर पायलचा वेळ वाचवायला रद्द केली नव्हती. सोबत कोण आलं आहे, हे ती पुन्हा विचारेल म्हणून केली. सोनिकाला विचारायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा तिच्या टेबलापर्यंत जाऊन दुसरंच काहीतरी बोलले.

जयवंताबद्दल तू लिहिलंस. तू भेकड आहेस असं मला वाटत नाही, पण माझ्या वाटण्याने तुझं ओझं हलकं होईल का, ते माहीत नाही. इतकंच खरं लिहू शकते की ते तू लिहिलं नसतंस, तर मी अजून चटईवर चिडत असते.

ताई, ये. काम संपल्यावर नाही, आताच ये. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, पाचव्यांदा तसंच ठेवलं आहे.

तुझी
गोपी

---

टाकळझरी
२ जानेवारी २०२५

गोपीले आशीर्वाद.

हे बी पत्र भाऊजीजवळ देते, उद्या मंडीत येतानी टाकतीन. परवाच्या सकाळच्या एसटीनं येऊन राहिली. जयवंताच्या घरी जाऊन आली. काय झालं ते येऊन सांगीन, लिवता येत नाई. वरण-भाताचा कुकर चढवून ठेवशीन तं परत जाईन.

ताई

---

हुडकेश्वर
२४ फेब्रुवारी

ती. शोभाताईस,

सा. न. वि. वि. तू गेल्याला पाच दिवस झाले.

स्वयंपाकघरात तू लावलेले डबे मी पुन्हा माझ्या क्रमाने लावले, आणि मग परत तुझ्या क्रमाने. घर पूर्वीइतकंच शांत आहे, पण आता ती शांतता ओळखीची वाटत नाही. तू होतीस तेव्हा मी कागदावर लिहायची आणि तू मोठ्याने उत्तर द्यायचीस. सात आठवडे तुझाच आवाज या भिंतींना सवयीचा झाला होता.

आज सकाळी व्यायाम करताना अंगठा हलला.

आधी वाटलं, मला वाटतंय. माझ्या वाटण्यावर माझा आता विश्वास नाही. पुन्हा प्रयत्न केला, नाही हलला. तिसऱ्यांदा हलला. हरभऱ्याच्या डाळीच्या जाडीइतका वर आला आणि थरथरून खाली गेला. मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. दाखवायला कोणी नव्हतं. तुला फोन करून उपयोग नाही, पत्र पोचायला चार दिवस लागतील. मी तशीच काठी घेऊन उठले, चप्पलही घातली नाही, आणि शेजारचं दार वाजवलं.

दारावर पाटी आहे म्हणून नाव मला माहीत होतं, सिंधूताई. नऊ वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी दार उघडलं, हातात पोळीचं पीठ होतं. काय सांगायचं आणि कसं सुरू करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं की हलला का.

मी पाऊल पुढे केलं. मग त्यांनी सांगितलं की सात आठवडे भिंतीपलीकडून तुझी अर्धी बाजू त्यांना रोज ऐकू यायची. हाल रे अंगठ्या, आज तरी हाल, असं तू रोज सकाळी ओरडायचीस आणि इकडे त्या थांबून ऐकायच्या. पाच दिवस आवाज नाही म्हणून त्यांना काही सुचत नव्हतं. येऊन विचारावं तर मला आवडेल की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी फार वाचणारी बाई आहे, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी आतून नत्थूजींना, त्यांच्या यजमानांना, बोलावलं. ते अर्धी दाढी करून तसेच साबण लावलेले आले. दोघंही वाकून माझ्या पावलाकडे बघत राहिले. पहिल्यांदा काहीच झालं नाही आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा हलला. नत्थूजी म्हणाले की अरे वा, अगदी बारीक आहे पण हलला. सिंधूताईंनी त्यांना दटावलं की बारीक काहून म्हणता, हलला तो हलला.

सर्जनना उद्या फोन करेन. एवढ्याने पाऊल परत आलं असं होत नाही, हे मला माहीत आहे, आणि ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते आहे.

बसा म्हणाल्या. घरी कामं आहेत, असं मी सवयीने म्हणाले. त्यांनी विचारलं, कोणती. मला एकही आठवलं नाही. पोळ्या होईपर्यंत त्यांच्याकडे बसले.

पुढच्या वेळी आलीस की जरा हळू बोल. नाही तर नको, तशीच बोल. माया आहे, ती अशीच मोठ्या आवाजात असू दे.

तुझी
गोपी